एकवीसच्या आत

अनसूया पुढच्या दाराने आत आली तेव्हा मी फ्रिजमध्ये बाटल्या लावत होते. दुपारचे चार वाजले असतील. आमच्या परमिट रूममध्ये त्या वेळी चिटपाखरू नसतं. पाचनंतर माणसं यायला लागतात, तोवर फरशी पुसून घ्यायची, शेंगदाणे तळून ठेवायचे, ही कामं मी एकटीच करायची.

तिने आपल्या धाकट्या मुलाचं, उदयचं, मनगट घट्ट धरलं होतं. लहान मुलाला दवाखान्यात आणावं तसं तिने त्याला खिडकीजवळच्या टेबलाशी नेलं, खुर्ची ओढून बसवलं आणि स्वतः समोर बसली.

"एक बिअर दी, बाय," ती म्हणाली.

"कोणाक?"

"ह्येका. माझ्या झिलाक."

मी हातातली बाटली तशीच धरून उभी राहिले. अनसूया माझी शेजारीण, आमच्या दोन घरांमध्ये फक्त दगडांचा एक गडगा. मळेखोलात नवी नवरी म्हणून मी आले त्याच्या दुसऱ्या वर्षी ती आली, म्हणून मला बाय म्हणायची. बावीस-तेवीस वर्षांत ती हजार वेळा माझ्या घरी आली असेल, पण नेहमी मागच्या दाराने, स्वयंपाकघरात. पुढच्या या खोलीत तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिचा नवरा दत्ताराम याच खोलीत, भिंतीकडच्या बाकावर रोज बसून संपला. बाटली देणारा माझा नवरा होता. नंतर तोही गेला आणि लायसन माझ्या नावावर झालं. आम्ही दोघी विधवा झाल्यावर एकमेकींच्या जास्त जवळ आलो, याचं लोकांना नवल वाटायचं. मलाही वाटायचं.

आणि गेले अकरा महिने ती मागच्या दारानेही आली नव्हती.

"उदयची अठरा पुरी झाली?" मी विचारलं.

"उद्या होतत."

एवढ्यावरून मला सगळं कळलं. आमच्या गावापासून गोव्याची हद्द सात मिनिटांवर. मधे नदी आणि पूल. आपल्याकडे बिअरला एकवीस पूर्ण लागतात, दारूला पंचवीस. तिकडे अठराला चालतं असं पोरं सांगायची. खरं-खोटं मी तपासायला गेले नाही, पण पुलापलीकडे वय विचारणारं कोणी भेटत नव्हतं हे मात्र खरं. मग पोरांनी एक रीतच पाडली होती. ज्याला अठरा पूर्ण होतील त्याला त्या संध्याकाळी मोटरसायकलवर घालून पलीकडे न्यायचं. त्याला ती 'पार लावणं' म्हणायची. जाताना गाणी म्हणत जायची. येतानाही म्हणत यायची, पण गाडी तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजू मोजत यायची.

"ती पोरां उद्या ह्येका नेतली," अनसूया म्हणाली. "म्हणान आज हय घेवन इलंय. माझ्यासमोर पिऊ दे. काय ता कळू दे एकदाचा. मग थय जावची गरजच नाय."

"आये, मी जावचंय नाय म्हणान सांगलंय मा तुका," उदय खाली बघत म्हणाला.

"निळूय असाच सांगी."

निळू तिचा थोरला. नीळकंठ, आजोबांचं नाव ठेवलेलं. हे नाव तिने उच्चारलं आणि मला बाटली खाली ठेवावी लागली.

खरं तर मला त्या क्षणी तिच्या पाया पडावंसं वाटत होतं, पण माझा स्वभाव असा की घशाशी रडू आलं की तोंडातून कायदा बाहेर पडतो. मी म्हणाले, "अनसूये, हय एकवीसच्या आत कोणाक देवक गावत नाय. पाटी वाच. लायसन जाईल माझा. आणि तूच मा माका देवळात उभी केल्लंस?"

ते खरं होतं. दत्ताराम गेल्यावर पाच वर्षांपूर्वी तिने मला रवळनाथाच्या देवळात नेलं होतं. गुरवाने नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं, की बा देवा म्हाराजा, मळेखोलच्या चारी शिवांच्या आत एकवीस वर्सांच्या आतल्या लेकराच्या तोंडाक दारू लागू नये, आणि ही तुझी लेक आपल्या हातान ती देवची नाय. माझा हात नारळावर होता. जमलेल्या चार बायका 'होय म्हाराजा' म्हणाल्या. मीही म्हणाले. कायद्याचं वय तिला मीच सांगितलं होतं. ती आधी 'कधीच देऊ नको' म्हणत होती. मी म्हटलं, बाई गं, धंदा आहे माझा, एकवीसपर्यंतचं बोल. तिने मान्य केलं.

आमच्याकडे गाऱ्हाणं शिवेच्या आतलंच घालतात. देव गावाचा, त्याची सत्ता गावापुरती. पलीकडच्या गावाला पलीकडचा देव. त्या दिवशी पुलापलीकडचं मागायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

"ती शपथ माझी होती," अनसूया म्हणाली. "मीच सोडतंय. देवाक काय सांगूचा ता मी सांगतलंय. तू बाटली उघड."

मी टेबलाशी जाऊन बसले. जवळून पाहिलं तर ती फार वाळली होती. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. उदय भावाच्या मानाने अंगाने थोराड, मिसरूड फुटलेली, पण त्या खुर्चीत बसून तो आणखी आणखी लहान होत चालला होता.

"केरकर तुझ्याकडे इल्लो?" तिने एकदम विचारलं.

बाबुराव केरकर म्हणजे आमच्या तालुक्यातल्या परमिट रूमवाल्यांच्या संघटनेचे सेक्रेटरी. त्यांनी सरकारला एक अर्ज लिहिला होता, की बिअरचं वय एकवीसवरून अठरा करावं, म्हणजे हद्दीवरची पोरं पलीकडे जाणार नाहीत. सगळ्यांना ठाऊक होतं की पोटात दुखत होतं ते धंद्याचं. पलीकडची दुकानं भरलेली आणि आमची ओस. पण अर्जात पोरांच्या जिवाची काळजी लिहिली होती, आणि खाली दोन वर्षांतल्या अपघातांची यादी जोडली होती. सहावं नाव नीळकंठ दत्ताराम गवस, वय वीस. तो कागद आठ दिवस माझ्या गल्ल्याखाली पडून होता. बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, माझी राहिली होती.

"इल्लो," मी म्हटलं.

"माझ्याकडेय इल्लो. झिलाच्या आवशीची सही असली तर अर्जाक वजन येता म्हणालो." ती हे सरळ आवाजात सांगत होती, दळणाची गोष्ट सांगावी तसं. "मी इचारलंय, अठरा केलास तर पोरां मरूची नाय काय? तो म्हणालो, घराजवळ पितली, चलत घराकडे जातली. ता माका पटला. म्हणान मी सही केलंय. तू कित्याक नाय केलंस?"

"माका जमला नाय."

"कित्याक?"

मी उठले, फ्रिजमधून एक बाटली काढली, एक ग्लास विसळून घेतला आणि पुढचं दार लोटून घेतलं. लायसन माझ्या नवऱ्याने दहा खेपा घालून मिळवलं होतं आणि त्यावरच माझं घर चालत होतं. उत्पादन शुल्कवाल्यांचा माणूस नेमका त्या क्षणी आला असता तर मी रस्त्यावर आले असते. तरी मी बाटली उघडली. अनसूयाने काहीही मागितलं असतं तरी त्या दिवशी मी ते दिलं असतं. का, ते मला ठाऊक होतं. तिला ठाऊक नाही असं मी धरून चालले होते.

ग्लास अर्धा भरला. फेस वर आला. उदय त्याच्याकडे बघत राहिला.

"पी," अनसूया म्हणाली.

"आये, माका नको. खरोखर नको."

"आज नको, उद्या व्हयी होतली. पोरां हसतली तुका. बायलो म्हणतली. निळूक दोन वर्सां म्हणत हुती. पी, मी बसलंय हय."

"काकी, तू तरी सांग हिका," तो माझ्याकडे वळला. त्याचे डोळे भरले होते.

काय सांगणार होते मी? निळूलाही दोन वर्षं पोरं हसत होती हे मी याच खिडकीतून ऐकलं होतं. अठराव्या वाढदिवसाला तो त्यांच्याबरोबर गेलाच नाही. मागच्या दाराने माझ्याकडे आला आणि चुलीपाशी बसून माझ्याबरोबर पेज जेवला. आईला बापाची आठवण होईल असं काही करायचं नाही, एवढं त्या पोराने स्वतःच ठरवलेलं होतं. आमच्या मळेखोलात असा मुलगा दुसरा नव्हता. हे मी तो गेला म्हणून म्हणत नाही, तो असतानाही म्हणायचे.

अनसूयाने ग्लास उदयसमोरून आपल्याकडे ओढला, मग परत त्याच्याकडे सरकवला. हात कुठे ठेवावे हे तिला कळत नव्हतं.

"बाय, एक सांगतंय," ती म्हणाली. "अकरा म्हयने मी तुझ्याकडे इलंय नाय. लोकांनी काय काय सांगल्यानी असतला तुका. पण तू तुझो शब्द राखलंस. तुझ्या हातान तू माझ्या पोराक दिलंस नाय. ह्या मी कोणाकय सांगान."

त्यावर मी गप्प बसले असते तर आजही गप्पच असते. पण माझ्या हातून एक टेबल पुसायचा फडका खाली पडला, तो उचलायला वाकले, आणि वाकल्यावर मला उठवेना. मी तिथेच खाली फरशीवर बसले.

"मी शब्द राखलंय नाय गो," मी म्हटलं. "मी तेका धाडलंय."

मग मी अकरा महिन्यांत एकदाही तोंडातून न काढलेलं सगळं सांगितलं.

निळूला गोव्यातल्या औषधाच्या कंपनीत नोकरी लागली होती. ऑर्डर हातात आली तो शनिवार. पोरं पार्टीला हटून बसली होती, आणि या वेळी नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं. दुपारी तो माझ्याकडे आला. मागच्या दाराने. मी बांगडे साफ करत होते. शनिवारची गर्दी होणार, कामाला कोणी नाही, माझं डोकं तापलेलं. तो दारात उभा राहून म्हणाला, 'काकी, एक बिअर दी. एकच. पोरां हयच येतली, तुझ्या मागच्या पडवीत बसतली. हय पिलंय तर चलत घराकडे जातलंय. माका पिऊन गाडी चलवूक भय वाटता.'

शब्द न् शब्द असाच. भय वाटता म्हणाला.

मी त्याला काय म्हणावं? माझी जीभ पहिल्यापासून तिखट, गिऱ्हाइकं तिला हसतात, नवरा भ्यायचा. मी वर न बघता म्हटलं, 'तुझे आवशीन माका देवाक बांधून घातला हा. माझ्या डोक्यावर कित्याक बसतंस? पूल सात मिनटांवर असा. थय कोण वय इचारीत नाय. जा थय.'

तो हसला. 'बरा काकी' म्हणाला आणि गेला. मी बांगड्यांना मीठ-हळद लावली.

संध्याकाळी सातला, पुलाच्या अलीकडे, आमच्या शिवेपासून हाकेच्या अंतरावर गाडी दगडी कठड्यावर गेली. मागे बसलेला पोरगा वाचला. त्याने नंतर सांगितलं, निळू एकच बाटली प्यायला होता, तीही पूर्ण नाही. पण त्याआधी त्याने कधी घेतलीच नव्हती.

"अर्जात तेचा नाव असा," मी म्हटलं. "तेच्याखाली माझी सही कशी करू? मीच तेका थय धाडलंय. हय दिलं असतंय तर पाच मिनटांत तुझ्या पडवीत येवन झोपलो असतो."

मी तिच्याकडे बघू शकत नव्हते. मला तिचे पाय दिसत होते, भेगा पडलेल्या टाचा, आणि उदयचे नवे बूट.

"ठावक असा माका," अनसूया म्हणाली.

मी वर पाहिलं.

"तो हयसून घराकडेच इल्लो. गाडयेची चावी माझ्याकडे हुती मा, देवाच्या फोटोमागे. मागूक लागलो. मी इचारलंय, खय जातंस? तर म्हणालो, काकी देवची नाय म्हणता, पलीकडे जा म्हणता." ती थांबली. तिने पदराने टेबलावरचं ग्लासाचं ओलं वर्तुळ पुसलं. "माका राग इलो तुझो. मग वाटला, नोकरी लागली झिलाक. आता किती दिवस धरून ठेवतलंय? वीस वर्सां पुरी झाली. म्हटलंय, जा, पण बेगीन ये. आणि मीच चावी काढून दिलंय. माझ्या हातान."

उदयने मान वर केली. हे त्यालाही माहीत नव्हतं.

"आये, तू दिलंस?"

"मी दिलंय."

 तिने मघाशी माझं कौतुक का केलं, माझ्या तोंडून खरं काढायला की खरोखर तसं वाटून, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. अकरा महिने ती माझ्या चुकीवर रागावून घरात बसली होती की स्वतःच्या, हेही विचारायचं धैर्य मला झालं नाही. मी फरशीवर बसूनच तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. तिने ते झिडकारलं नाही.

पुढचं इथेच सांगून टाकते. त्या अर्जावर मी सही केली नाही. नाहीच केली, यात माझा काही विचार नव्हता, फक्त हात वळला नाही. अर्ज सरकारदरबारी गेला आणि तिथेच राहिला. आज इतकी वर्षं झाली, वय आहे तिथेच आहे, आणि मधूनमधून कोणीतरी माझ्यासारख्या जुन्या लायसनवालीला विचारतं, की अठरा करावं का हो? मी म्हणते, मला विचारू नका. करा म्हणायला गेले तर दत्ताराम बाकावर बसलेला दिसतो, आणि नको म्हणायला गेले तर मागच्या दारातला निळू.

उदय दुसऱ्या दिवशी गेला. जाणार नाही म्हणाला होता तरी गेला, कारण पोरं दारात येऊन उभी राहिली. अनसूया आणि मी साडेपाचपासून पुलाच्या अलीकडे कठड्यावर बसून होतो. येणारी-जाणारी माणसं बघून बघून जायची. तो पावणेआठला परत आला, चालत. पोरांची गाडी पलीकडेच सोडून आला होता. प्यायला होता की नाही हे तिने विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. आता तो सावंतवाडीला असतो, दोन मुली आहेत, दिवाळीला मला साडी आणतो.

पण ती दुसऱ्या दिवसाची गोष्ट झाली. त्या दुपारी पाच वाजत आले होते आणि माझ्या दाराबाहेर सायकल उभी केल्याचा आवाज आला. पहिलं गिऱ्हाईक. मी डोळे पुसून उठले. उदयही उठला. ग्लास टेबलावर तसाच होता, फेस बसून गेलेला.

"ह्या फुकट जातला," मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं आणि ग्लास उचलायला हात पुढे केला.

अनसूयाने तो आधीच उचलला होता. जन्मात कधी थेंब न चाखलेली बाई. नवऱ्याच्या तोंडाच्या वासाने जिने सतरा वर्षं कूस बदलून रात्री काढल्या, ती. तिने ग्लास नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं आणि एक घोट घेतला. तो तिला गिळवेना. मोठ्या कष्टाने गिळला. मग ग्लास खाली ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली, काहीतरी खरंच समजून घ्यायचं असल्यासारखी.

"कडू असा गो," ती म्हणाली. "ह्येच्यासाठी गेलो तो?"

"पयल्यांदा कडूच लागता," मी म्हटलं. "मग सवय होता."

बोलून गेले आणि मग माझं मलाच ऐकू आलं. निळूने ती एकदाच प्यायली होती.